देणगीदार नकोत, वर्गणीदार हवेत

बरोबर चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद पडली. रविवारची संध्याकाळ होती, 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'वरचा आमच्या ऑनलाइन अभ्यासवर्गाचा सहावा भाग चालू होता, साठ-पासष्ट जण जोडलेले होते आणि परभणीचा एक विद्यार्थी आंतरजातीय विवाहाच्या मुद्द्यावर प्रश्न विचारत होता. त्याचे वाक्य अर्धेच राहिले. झूमचा पैसे भरलेला प्लॅन आदल्या आठवड्यात संपला होता, तो कोणी भरला नव्हता आणि फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांनी दार बंद होते. पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर तीसेक मेसेज आले. सगळ्यांचा मजकूर एकच होता, 'नवीन लिंक पाठवा'. प्लॅन का संपला, तो कोण भरत होते आणि किती पैसे लागतात, हे एकानेही विचारले नाही.

आम्ही कोणावर रागावून हे लिहीत नाही. खरे तर हा राग आमच्यावरच निघायला हवा, कारण तीन वर्षे आम्हीही हे कधी सांगितले नव्हते. आमच्यापैकी दोघांच्या पगारातून गुपचूप पैसे जात होते. त्यातल्या एकाची नोकरी सुटली आणि त्याला ते सांगायला लाज वाटली. एवढीच त्या बंद पडलेल्या मीटिंगची गोष्ट आहे. पण या गोष्टीत आपल्या चळवळीचे एक जुने दुखणे आहे आणि त्यावर स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

आमचा समूह काय करतो, ते आधी सांगतो. दर रविवारी बाबासाहेबांच्या एका ग्रंथावर वर्ग. जुन्या, हाताला लागल्या की तुकडे पडतील अशा पुस्तिकांचे आणि स्मरणिकांचे स्कॅनिंग. आणि जून ते जानेवारी मदतकक्ष, जिथे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, स्वाधार योजनेला कोणती कागदपत्रे लागतात, जात पडताळणीचे प्रकरण अडकले तर कोणाला भेटायचे, याची उत्तरे फोनवर दिली जातात. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामचे सगळे गट धरून चारेक हजार लोक आहेत. या चार हजारांपैकी तीन वर्षांत एकदा तरी पैसे दिलेले लोक ६१. एकापेक्षा जास्त वेळा दिलेले ९.

ही आकडेवारी आम्ही गटावर टाकली तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली आली, 'आपला समाज डीजेवर लाखो उधळतो, पण विचारावर खर्च करत नाही.' टाळ्यांचे इमोजी पडले. आम्हाला या वाक्याचा आता कंटाळा आला आहे. वस्तीतल्या जयंती मंडळाला नावे ठेवणे हा आपल्याकडच्या शिकलेल्यांचा आवडता उद्योग आहे. पण वस्तीतले मंडळ काय करते ते जरा बघा. मार्चमध्ये पावतीपुस्तक छापते. घरोघर जाते. धुणीभांडी करणारी बाई एकशे एक देते, रिक्षावाला दोनशे देतो आणि पावती घेतो. जयंती झाली की विहाराच्या भिंतीवर फळा लागतो, त्यावर जमा, खर्च आणि शिल्लक. खर्चात गडबड दिसली तर त्याच विहारात उभे राहून लोक भांडतात. डीजेचा आवाज आम्हालाही नको आहे, तो वाद वेगळा. पण वर्गणी गोळा कशी करायची आणि हिशेब कसा द्यायचा, हे त्या मंडळाला येते. कॉलनीत राहणाऱ्या, ईएमआय भरणाऱ्या, फेसबुकवर 'समाजाला शिस्त नाही' असे लिहिणाऱ्या आपल्या वर्गाला ते येत नाही. आमच्या ६१ मध्ये पहिल्या वर्गातले लोक जास्त होते की दुसऱ्या, हे आम्ही सांगत बसत नाही. तुम्ही ओळखले असेल.

तर मीटिंग बंद पडल्याची बातमी फिरली आणि पंधरा दिवसांत एक फोन आला. शहरातले एक पुढारी, आपल्याच समाजातले. बोलायला गोड. 'तुम्ही पोरं लई चांगलं काम करताय. किती लागतात वर्षाला? लाखभर? देऊन टाकू. तुम्ही वर्गण्या कशाला मागत फिरताय, बरं दिसत नाही.' मग थोडे थांबून म्हणाले, 'फक्त वर्गाच्या सुरुवातीला आपली एक शुभेच्छांची पट्टी येऊ द्या. आणि चौदा एप्रिलला मी दोन शब्द बोलेन.' महापालिकेच्या निवडणुकीची चर्चा तेव्हा सुरू झाली होती.

आमच्या बारा कार्यकर्त्यांची त्यावर अडीच तास बैठक झाली, तीही चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत. पाच जण म्हणाले घ्या. त्यांच्यातले सगळ्यात ज्येष्ठ दादा, ज्यांनी नामांतराच्या काळात लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांनी सरळ प्रश्न टाकला, 'बाबासाहेबांनी शाहू महाराजांकडून पैसे घेतले नव्हते का? मग तुम्ही कोण लागून गेलात?'

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, त्यामागे छत्रपती शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. त्या काळचे अडीच हजार. हे साहाय्य नसते तर 'मूकनायक' निघाला असता की नाही, शंका आहे, कारण दुसरीकडे 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. महाराजांनी त्या पैशांच्या बदल्यात पट्टी मागितली नव्हती, हे आधी लक्षात घ्या. शाहू महाराज आणि वॉर्डातला इच्छुक उमेदवार यांना एका मापाने मोजणे हा महाराजांचा अपमान आहे. पण तो मुद्दाही बाजूला ठेवू. पुढे काय झाले ते पाहा. १९२० च्या जुलैत बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. मे १९२२ मध्ये महाराज गेले. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला. एका मोठ्या, निरपेक्ष, थोर माणसाच्या देणगीने वर्तमानपत्र सुरू होऊ शकते. त्यावर ते चालत राहत नाही.

बाबासाहेबांना हे उमजले होते, याचा पुरावा त्यांच्याच पुढच्या वर्तमानपत्रात आहे. ३ एप्रिल १९२७ ला, महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. १९२८ मध्ये त्यात त्यांनी एक लेख लिहिला, त्याचे शीर्षकच 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असे आहे. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने, कोणतेही मानधन न घेता लिहावे लागतात, हे त्यात ते लपवत नाहीत. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला माणूस आपल्याच समाजासमोर उभा राहून म्हणतो की या पत्राचे तुम्ही देणे लागता. भीक मागावी तसा तो सूर नाही. सावकाराने वसुली करावी तसाही नाही. हिशेब मांडणाऱ्या माणसाचा तो सूर आहे. 'पैसा मागणे चळवळीला शोभत नाही' असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी तो लेख आज रात्रीच वाचावा. (१५ नोव्हेंबर १९२९ ला तेही पत्र थांबले. म्हणजे समाजाने तेव्हाही ते ऋण पुरते फेडले नव्हते.)

आणि १५ ऑक्टोबर १९५६. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचे नागपूरचे भाषण. त्यातला धर्म आणि उत्साहाचा भाग आपण पाठ केला आहे, व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्याला देण्याची गोष्टही केली. विसावा हिस्सा म्हणजे शेकडा पाच. चाळीस हजार पगार असेल तर महिन्याला दोन हजार. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावणाऱ्या किती घरांत हा हिशेब मांडला जातो? आमच्या घरांतही मांडला जात नव्हता, हे मान्य करूनच विचारतो.

इथे नेमके पाहिले पाहिजे की त्यांनी कोणाकडे मागितले. समोर लाखो लोक होते. गिरणीत काम करणारे, रेल्वेत खलाशी असलेले, शेतमजूर, बिडी कामगार. या समूहातल्या प्रत्येकाकडे मागितले, दहा श्रीमंतांकडे नाही. आणि ठरावीक रक्कम मागितली नाही, प्रमाण मागितले. शंभर मिळवणारा पाच देईल, हजारवाला पन्नास. दोघांची मालकी सारखी. आम्ही ज्याला वर्गणी म्हणतो ती हीच. देणगीत देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. वर्गणीत देणारा आणि घेणारा एकच असतो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला मार्सेल मॉसचा 'द गिफ्ट' हा १९२५ चा निबंध शिकवला गेला. त्याचा गाभा असा की निव्वळ, परतफेडीच्या अपेक्षेविना दिलेली भेट सहसा नसते; देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकत्र येतात. परीक्षेत आम्ही दूरच्या बेटांची उदाहरणे लिहून गुण मिळवले. त्या पुढाऱ्यांचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मॉस कळला. एक लाख रुपये घेतले असते तर पट्टी हा केवळ पहिला हप्ता ठरला असता. उद्या त्यांच्या पक्षाच्या सरकारने शिष्यवृत्ती रखडवली, तर आमच्या मदतकक्षाने काय बोलायचे? कोणी बोलू नका असे सांगितले नसते. आम्हीच जीभ चावली असती. सात विरुद्ध पाच मतांनी आम्ही नकार कळवला. पाच जणांपैकी एक अजूनही आमच्याशी नीट बोलत नाही.

आता या वादातली दुसरी बाजू, जी आम्हाला जास्त बोचते.

आपल्याकडे 'निःस्वार्थ कार्यकर्ता' या शब्दाला मोठे वजन आहे. पदरमोड करून काम करणारा, एक रुपया न घेणारा. असे लोक होते, आहेत, त्यांच्यामुळेच चळवळ टिकली. पण फुकट काम करणे कोणाला परवडते? ज्याच्या घरी पगार येतो त्याला. म्हणजे आम्हाला. आमच्या बारापैकी आठ जण नोकरदार किंवा नोकरदारांची मुले आहेत. मदतकक्षाचा फोन मात्र चौदा महिने एका मुलीने सांभाळला. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. बी.कॉम. झालेली, महाडीबीटीच्या प्रत्येक खाचाखोचा तोंडपाठ. रात्री साडेअकराला फोन आला तरी उचलायची, कारण अर्जाची मुदत बाराला संपते. गेल्या वर्षी तिने काम सोडले. कारण विचारले तेव्हा आमच्यातल्या एका ताईला म्हणाली, 'ताई, कधी कधी रिचार्जचेच पैसे नसतात. आणि घरचे विचारतात, एवढा वेळ देतीस तर ते लोक तुला देतात काय?'

ते लोक. म्हणजे आम्ही. आम्ही तिला निरोपाच्या वर्गात प्रमाणपत्र आणि बाबासाहेबांची फ्रेम दिली होती.

फुकट सेवेचा आदर्श दिसायला समतेचा असतो, पण तो चाळणीसारखा काम करतो. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा शिल्लक आहे ते वर राहतात, बाकीचे गळून जातात. सगळ्यात आधी मुली गळतात. मग वर्ग घेणारे, भूमिका ठरवणारे, नाव होणारे सगळे एकाच थरातले उरतात आणि आपण त्याला आंबेडकरी समूह म्हणत राहतो. ज्या व्यवस्थेने शतकानुशतके आपल्या बापजाद्यांकडून वेठबिगारी करून घेतली, बलुत्याच्या नावाखाली श्रमाची किंमत शिळ्या भाकरीत मोजली, तिच्याविरुद्ध उभे राहिलेल्या चळवळीने एका ऊसतोड कामगाराच्या मुलीचे चौदा महिने 'सेवा' म्हणून वापरावेत, याला दुसरा शब्द आम्हाला सुचत नाही. मदतकक्षाला मानधन नसेल तर मदतकक्ष चालवूच नये, असे आता आमचे मत आहे. आमच्यातल्या दोघांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते पगार आला की निष्ठा जाते. पगार घेऊनही निष्ठेने काम करणारे शिक्षक आणि परिचारिका त्यांच्या स्वतःच्या घरात आहेत, एवढेच आम्ही त्यांना म्हणतो.

'पैसा आला की भांडणे आली', हा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडेच झाले. सुरुवातीला आलेली मदत एका मित्राच्या बचत खात्यात यूपीआयने घेतली. त्याचा घरखर्च आणि समूहाचे पैसे एकाच खात्यात. दीड वर्षाने हिशेब विचारला तेव्हा तो बिचारा तीन रात्री पासबुक घेऊन बसला होता. एका रुपयाचीही अफरातफर नव्हती, पण अडीच हजारांचा मेळ बसेना आणि तेवढ्यावरून एका सदस्याने जाहीरपणे संशय घेतला. तो मित्र गट सोडून गेला. दोष त्याचा नव्हता. हिशेबाची रीतच आम्ही घालून दिली नव्हती.

ही रीत काही आम्ही युरोपातून आणायची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात, उषवदाताचा लेख कोरलेला आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे देणगीदार राजघराण्यातला. त्याने भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापण दिले. पण कोणाच्या हातात? ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस, आणि वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. गुणाकार करून पाहा, बरोबर बसतो. हे सगळे निगमसभेत जाहीर करून नोंदवले, असेही त्या लेखात म्हटले आहे. आणि मग ते दगडात कोरले. राजाचा जावई असला तरी पैसा विणकरांच्या ताब्यात, आणि त्याच्या अटी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता याव्यात अशा भिंतीवर. विहाराच्या भिंतीवरच्या जमाखर्चाच्या फळ्याची ही परंपरा आहे.

लहान माणसांची नावेही त्याच दगडावर आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, आपले दान नोंदवून गेला आहे. तिथले कित्येक खांब वेगवेगळ्या दात्यांचे आहेत. सांचीला तर अशा लहान दात्यांचे शेकडो लेख सापडले. आपण सहलीला जाऊन त्या खांबाशी सेल्फी काढतो. खांब कोणी दिला हे वाचत नाही.

आता प्रश्न पद्धतीचा. आमच्यातल्या तरुण मंडळींनी सुचवले की सदस्यत्व घेणाऱ्यांनाच वर्गाची लिंक द्यावी, स्कॅन केलेल्या पुस्तिका फक्त सदस्यांना उघडाव्यात. सगळे ऑनलाइन क्लासवाले तेच करतात. त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. मॅन्कर ऑल्सनने १९६५ मध्ये 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अॅक्शन'मध्ये हेच दाखवले की समूह मोठा असेल आणि फायदा सगळ्यांनाच मिळणार असेल, तर बहुतेक जण दुसऱ्याच्या खर्चावर बसून राहतात. आमचे चार हजारांतले ६१ हा ऑल्सनचा धडधडीत पुरावा आहे. तरीही आम्ही कुलूप लावायला विरोध केला आणि करत राहू. ज्ञानाला कुलूप लावण्याविरुद्ध ज्यांच्या पिढ्या लढल्या, त्यांनी आपल्या दारावर कुलूप लावून किल्ली पन्नास रुपयांना विकायची? परभणीच्या त्या विद्यार्थ्याकडे पन्नास रुपये नसतील तर त्याचा प्रश्न अर्धाच राहणार? सदस्यत्वातून प्रवेश मिळणार नाही. सदस्यत्वातून मत मिळेल, हिशेब विचारायचा हक्क मिळेल आणि जबाबदारी मिळेल. वाचायला सगळ्यांना मोकळे.

विकिपीडियाने हे काही प्रमाणात करून दाखवले आहे. वाचायला कोणालाही मोकळा, जाहिरात नाही, खर्च मुख्यतः वाचकांच्या छोट्या-छोट्या देणग्यांतून. पण तिथेही लिहिणारे बिनपगारी आणि पैसे देणाऱ्या वाचकाला कारभारात मत नाही. आम्हाला त्यातली मोकळीक घ्यायची आहे, बाकीचे नाही.

ऑल्सनचे उत्तर ऑल्सनकडेच आहे. तो म्हणतो की लहान गटात माणूस टाळाटाळ करू शकत नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून चार हजारांच्या गटात 'कृपया सहकार्य करा' असा मेसेज टाकणे आम्ही बंद केले आहे. तो मेसेज सगळ्यांना असतो, म्हणून कोणालाच नसतो. आता जिल्हावार पंधरा-वीस जणांचे गट आहेत. प्रत्येक गटाचा एक जण वर्गणी आणि हिशेब पाहतो, तो दर वर्षी बदलतो, आणि वर्गणी राहिली तर फोन करतो. फोन केला की लोक देतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी करून देताना वस्तीत आम्ही हेच पाहिले आहे: घोषणेने कोणी येत नाही, नावाने हाक मारली की येतो.

परदेशातल्या मित्रांसाठी एक सूचना, कारण दुबई आणि लंडनहून 'आम्ही पाठवतो' असे निरोप बरेच येतात. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण परदेशी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड असले तरी, ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए नोंदणीशिवाय आम्हाला ती घेता येत नाही. आमच्याकडे ती नोंदणी नाही. अशा मित्रांनी पैशाऐवजी वेळ द्यावा. स्कॅन केलेल्या पानांचे शुद्धलेखन तपासायला माणसे कमी आहेत.

उरला आकडा. झूम, सर्व्हर, स्कॅनिंग आणि फोन मिळून वर्षाला ५२ हजार लागतात. मदतकक्षावर दोघांना दरमहा सहा-सहा हजार मानधन धरले तर १ लाख ४४ हजार. एकूण १ लाख ९६ हजार. वर्गणी महिन्याला पन्नास रुपये ठेवली आहे, वर्षाचे सहाशे. म्हणजे ३२७ वर्गणीदार लागतात. चार हजारांत शंभराला आठ-नऊ. विसावा हिस्सा अजून कोणी मागितलेलाच नाही. ज्याला पन्नास जड आहेत त्याने दहा द्यावेत, मत तेवढेच. ज्याला पाच हजार द्यायचे आहेत त्याचेही मत एकच, आणि एका व्यक्तीकडून वर्षाला पाच हजारांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. संस्थेची रीतसर नोंदणी होऊन स्वतंत्र खाते उघडले आहे, दोघांच्या सह्यांशिवाय त्यातून पैसे निघत नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्च गटावर पडतो, अगदी टपालाच्या तिकिटापर्यंत.

हे लिहीत असताना वर्गणीदार १८४ आहेत. त्यातला एक जण तो परभणीचा विद्यार्थी, महिन्याला दहा रुपयांचा. मानधनाचे पैसे जमले तेव्हा आम्ही त्या मुलीला परत फोन केला. ती आता तालुक्याला एका दुकानात हिशेब लिहिते, तिथे तिला नऊ हजार मिळतात. 'सहा हजारांत परवडणार नाही, पण संध्याकाळी दोन तास असतील तर बघते,' म्हणाली, 'आधी घरी विचारते.' पुढच्या रविवारी वर्गानंतर सभा आहे. तिचे मानधन वाढवायचे की तासांप्रमाणे द्यायचे, हा पहिला विषय आहे. लिंक मदतकक्षाच्या क्रमांकावर मागा, वर्गणीदार नसाल तरी मिळेल. मतदानाच्या वेळी मात्र तुम्हाला थांबावे लागेल.

जयभीम.